बराकीतली वर्गवारी : मराठवाड्याच्या अनुभवातून कैद्यांच्या श्रेणींचा इतिहास

तुरुंगाच्या दारातून आत आलेल्या माणसाचे नाव लिहून घेतले जाते, झडती होते, अंगावरच्या खुणा नोंदल्या जातात आणि मग त्याला कुठल्या बराकीत पाठवायचे ते ठरते. हा निर्णय दिसायला किरकोळ असला, तरी पुढची सगळी कैद त्याच्यावर बेतलेली असते. रात्री शेजारी कोण झोपणार, काम कोणते मिळणार, घरचे पत्र किती दिवसांनी येणार, ताटात काय पडणार, हे सारे त्यातून ठरते. या वर्गवारीमागचा मूळ विचार रास्त आहे. पहिल्यांदा चुकलेला पोरगा सराइतांच्या संगतीत बिघडू नये, स्त्रिया सुरक्षित राहाव्यात आणि ज्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे त्याला शिक्षा भोगणाऱ्यांच्या रांगेत बसवू नये, एवढेच त्याला साधायचे असते. पण हिंदुस्थानातल्या तुरुंगांत ‘याने काय केले’ या प्रश्नाच्या जोडीला ‘हा कोण’ हा प्रश्न सतत येत गेला. घर कोणते, शिक्षण किती, जात कोणती, यांवर कैद्याची जागा ठरू लागली. नांदेड-लातूरचा मुलूख या दुसऱ्या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना राहिलेला आहे. इथले शिक्षक, वकील आणि विद्यार्थी सत्याग्रही म्हणून निजामाच्या तुरुंगांत गेले, आणि इथल्याच गावकुसाबाहेरच्या काही जमाती जन्मापासून गुन्हेगारांच्या यादीत धरल्या गेल्या.

कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळात तुरुंग म्हणजे किल्ल्यांतली कोठारे, जुन्या हवेल्या, नाहीतर कचेरीलगतच्या खोल्या. चोर, खुनी, कर्जबुडवे आणि वेडे लोक एकाच जागी कोंबलेले असत. १८३५ साली मेकॉलेने या अवस्थेकडे सरकारचे लक्ष वेधले. त्यातून समिती नेमली गेली आणि १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. एक वर्षाहून मोठी शिक्षा झालेल्यांसाठी मध्यवर्ती तुरुंग बांधावेत आणि कैद्यांना वेगवेगळे ठेवावे, अशी तिची शिफारस होती. मात्र तिचा सारा भर जरब बसवण्यावर होता. कैदी सुधारावा ही गोष्ट तिने फारशी मनावर घेतली नाही.

तुरुंगात जातीचा शिरकाव झाला तो चुलीच्या वाटेने. सुरुवातीला कैद्यांना शिधा किंवा पैसे मिळत आणि ते आपापले रांधून खात. १८४० च्या दशकात सरकारने एकत्र स्वयंपाक सुरू केला, तेव्हा बिहारमधल्या तुरुंगांत दंगे उसळले. १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूर इथे कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी देण्याचा हुकूम निघाला. त्यावर तुरुंगातच नव्हे, शहरांतही लोक खवळून उठले. सरकारने माघार घेतली आणि पुढे सोयीची वाट धरली. स्वयंपाकघर वरच्या जातीच्या कैद्यांकडे आणि झाडलोट व मैलासफाई खालच्या मानलेल्या जातींकडे, ही वाटणी अनेक प्रांतांच्या नियमपुस्तिकांत जाऊन बसली. दंगा टाळण्यासाठी केलेली ही तडजोड दीडशेहून अधिक वर्षे टिकली. शिक्षा न्यायालयाने द्यावी आणि तुरुंगातले काम जातीने ठरावे, यातला अन्याय इतकी वर्षे कुणाला मोडून काढावासा वाटला नाही, हे या इतिहासातले सर्वांत दुखरे पान आहे.

मूळ कायद्यात जातीला जागा नव्हती, हे इथे आवर्जून सांगायला हवे. १८९४ च्या तुरुंग कायद्याचे २७ वे कलम कैद्यांच्या विभागणीविषयी आहे. स्त्री कैदी पुरुषांपासून वेगळ्या इमारतीत किंवा पूर्ण वेगळ्या भागात असाव्यात, २१ वर्षांखालील मुलांना इतरांपासून दूर ठेवावे, शिक्षा न झालेल्यांना शिक्षा झालेल्यांत मिसळू नये आणि दिवाणी कैदी फौजदारी कैद्यांपासून अलग असावेत, एवढेच ते कलम सांगते. जात, घराणे, मिळकत यांचा त्यात उल्लेख नाही. ते सारे नंतर नियमांमधून आणि रोजच्या वहिवाटीतून आत आले.

राजकीय कैद्यांना तर या चौकटीत खानाच नव्हता. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. दोन संपादक मानहानीच्या खटल्यात आत गेले होते, पण तुरुंगाच्या लेखी ते दोन कैदी होते. अंदमानात याच्या उलट टोक दिसते. १९११ मध्ये सावरकर सेल्युलर जेलमध्ये पोचले, तेव्हा गळ्यातल्या बिल्ल्यावर शिक्षेचा काळ, सुटकेचे साल १९६० आणि ‘धोकादायक’ अशी खूण होती. राजबंदी म्हणून सवलत तर नव्हतीच, उलट सामान्य कैद्यांना काही वर्षांनी मिळणारी मोकळीकही अशांना मिळत नसे. एखाद्याला वेगळे काढणे म्हणजे त्याचे रक्षण करणे असेच नव्हे. कधी कधी त्याला अधिक चिरडण्यासाठीही वर्ग पाडले जातात.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने, जिचे अध्यक्ष सर अलेक्झांडर कार्ड्यू होते, प्रथमच स्पष्ट म्हटले की कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे काम आहे. सराईत आणि प्रथम गुन्हेगार यांना निरनिराळ्या तुरुंगांत ठेवावे हा तिचा आग्रह होता. तरुण गुन्हेगारांसाठी बोर्स्टल शाळांचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. पण तोपर्यंत तुरुंगांपुढे वेगळेच संकट उभे राहिले होते.

असहकाराच्या चळवळीत वकील, प्राध्यापक, व्यापारी आणि विद्यार्थी हजारोंनी आत आले. प्रांतोप्रांतीच्या सरकारांनी त्यांच्यातल्या काहींसाठी ‘विशेष’ वर्ग काढले, काहींना साधे कैदी मानले आणि गोंधळ वाढत गेला. पंजाबच्या तुरुंगांत भगतसिंग, बटुकेश्वर दत्त आणि त्यांच्या साथीदारांनी १९२९ च्या जूनपासून उपोषण मांडले. राजकीय कैद्यांना माणसासारखे अन्न, वाचायला पुस्तके आणि वर्तमानपत्रे मिळावीत, सक्तीची कष्टाची कामे त्यांच्यावर लादू नयेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर रोजी लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी प्राण सोडला. देश हादरला. फेब्रुवारी १९३० मध्ये हिंदुस्थान सरकारने शिक्षा झालेल्या कैद्यांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग जाहीर केले.

या तीन वर्गांची कसोटी नीट वाचावी लागते. ‘राजकीय कैदी’ हा शब्द सरकारने मुद्दाम टाळला. सामाजिक दर्जा, शिक्षण किंवा राहणी यांमुळे ज्याला उंची जीवनाची सवय आहे, जो सराईत नाही आणि ज्याच्या गुन्ह्यात क्रौर्य, नीतिभ्रष्टता, लोभ किंवा पूर्वनियोजित हिंसा नाही, तो ‘अ’ वर्गात. दर्जा आणि राहणी तशीच, पण ‘अ’ च्या बाकीच्या अटींत न बसणारा ‘ब’ मध्ये. उरलेले सगळे ‘क’ मध्ये. वरच्या दोन वर्गांना बरे जेवण, खाट-टेबल, स्वतःचे कपडे, पुस्तके आणि अधिक पत्रे-मुलाखती मिळत. ‘क’ वर्गाच्या वाट्याला जाडीभरडी भाकरी, तुरुंगाचा पोशाख आणि सक्तमजुरी येई. लाहोरला उपाशी मेलेल्या तरुणाची मागणी राजकीय कैद्यांसाठी होती आणि सरकारने दिलेले उत्तर सुखवस्तूंसाठी होते. एकाच मिठाच्या सत्याग्रहात एकाच दिवशी पकडलेला बॅरिस्टर ‘अ’ वर्गात जाई आणि त्याच्या शेजारी उभा राहिलेला शेतमजूर ‘क’ वर्गात. गुन्हा तोच, कलम तेच, पण घर वेगळे.

मुंबई इलाख्यात याचा अनुभव लगेच आला. १९३०-३१ च्या कायदेभंगात देशभर ६० हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली आणि नेहमीच्या भिंती अपुऱ्या पडल्या. वरळीला नव्या बांधलेल्या बीडीडी चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. अहमदनगर जिल्ह्यात विसापूरच्या उघड्या माळावर ‘क’ वर्गाच्या सत्याग्रहींसाठी छावणीवजा तुरुंग उभा राहिला. ऊन, धूळ आणि कष्ट यांमुळे त्याचे नाव त्या पिढीच्या तोंडी भीतीने येई. अनेक सत्याग्रहींनी वरचा वर्ग नाकारला आणि आपल्या सोबत्यांबरोबर ‘क’ मध्ये राहणे पसंत केले. जातपात आणि श्रीमंती-गरिबी विसरून लढायचे ठरवलेल्या माणसांना सरकारने तुरुंगात पुन्हा वेगवेगळे बसवले, याची बोच त्यामागे होती.

माणसे एकत्र ठेवण्याचे काही परिणाम मात्र सरकारच्या हिशेबाबाहेरचे निघाले. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले. साने गुरुजींनी ती टिपून घेतल्यामुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. नाशिक रोडच्या मध्यवर्ती तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे आणि एस. एम. जोशी यांच्या वादचर्चांतून समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. वर्गीकरणाने समान विचारांची, वाचणारी माणसे एका बराकीत आणली आणि तिथे अभ्यासवर्ग सुरू झाले. सराइतांच्या संगतीत नवखा कैदी बिघडतो, ही तुरुंगशास्त्राची जुनी भीती. संगतीचा तोच नियम इथे उलटा चालला.

या साऱ्या घडामोडी ब्रिटिश मुलखातल्या. गोदावरीच्या काठचे नांदेड, त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर, बिदर जिल्ह्यातले उदगीर हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि हिंदुस्थान सरकारचे १९३० चे आदेश संस्थानाला आपोआप लागू होत नव्हते. इथल्या सत्याग्रहींना सोलापूर किंवा नाशिकच्या तुरुंगातला ‘ब’ वर्ग हक्क म्हणून मागता येत नव्हता. हद्द ओलांडून पलीकडे पकडले गेले तर एक न्याय, अलीकडे पकडले गेले तर दुसरा.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला आणि पाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थही सत्याग्रह करून तुरुंगात गेले. हिप्परगा आणि अंबाजोगाई इथे शाळा चालवणारे हे संन्यासी मराठवाड्यात घरोघरी ओळखीचे होते, त्यामुळे त्यांच्यामागे शिक्षक आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने निघाले. डिसेंबरमध्ये स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबवला. त्याच महिन्यात सोलापूरला लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि १९३९ च्या आरंभी आर्य समाजाचा सत्याग्रह सुरू झाला. देशभरातून तुकड्या सोलापूरमार्गे संस्थानात शिरू लागल्या. गुलबर्गा, औरंगाबाद, निजामाबाद, वरंगळ आणि हैदराबाद इथल्या तुरुंगांत हजारोंची भर पडली. पंजाबचे, संयुक्त प्रांताचे, महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे सत्याग्रही एकाच बराकीत आले. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे, आणि ज्यांच्यासाठी ते आले होते त्या इथल्या लोकांची बोलीही वेगळी.

उदगीरचे आर्य समाजी नेते भाई श्यामलाल यांचा डिसेंबर १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला आणि लातूर-उदगीर भागात त्यांना हुतात्मा मानले गेले. उदगीरला त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आजही आहे. तुरुंगात आजारी पडलेल्या माणसाकडे कोण पाहते, त्याला रुग्णालयात कधी हलवतात, घरच्यांना कधी कळवतात, ही वर्गीकरणाचीच अंगे आहेत. ज्या तुरुंगात कैद्याची गरज नोंदवणारा वर्गच नसतो, तिथे आजारी कैदी आणि धडधाकट कैदी एकाच मापाने मोजले जातात.

१९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात स्वामीजी पुन्हा पकडले गेले आणि निजामाबादला ठेवले गेले. ऑगस्ट १९४७ मध्ये भारतात सामील होण्याची चळवळ पेटली, तेव्हाही ते आत गेले. नोव्हेंबरअखेर सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये भारताच्या पोलीस कारवाईनंतर बाहेर आले. या वर्षभरात औरंगाबादचे हर्सूल आणि संस्थानातले इतर तुरुंग मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी भरून गेले. सीमेवरच्या उमरखेडसारख्या कॅम्पांतून लढणारे तरुण आणि गावात राहून सत्याग्रह करणारे शेतकरी एकाच लढ्याचे होते. निजामी पोलिसांच्या कागदावर मात्र काहींवर दरोड्याची कलमे होती आणि काहींवर हुकूम मोडल्याची. कुठले कलम लागले त्यावर बराक ठरे, आणि कलम लावणे अटक करणाऱ्याच्या हाती होते.

त्यानंतरची एक नोंद लातूरशी जवळून बांधलेली आहे. निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकार संघटनेचा प्रमुख कासिम रझवी लातूरला वकिली करत असे. १९४८ मध्ये त्याला अटक झाली. पत्रकार शोएबुल्ला खान यांच्या खुनाच्या खटल्यात तो अपिलात सुटला, पण बीबीनगरच्या दरोड्यासाठी सात वर्षांची शिक्षा कायम राहिली. चंचलगुडा आणि येरवडा इथे कैद भोगून १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. वकील, संघटनेचा नेता आणि दरोड्याच्या कलमाखाली शिक्षा झालेला, अशा माणसाला १९३० च्या कसोटीत कुठे बसवायचे? शिक्षण आणि राहणी पाहिली तर वर, गुन्ह्याचे स्वरूप पाहिले तर खाली. दर्जावर आधारलेल्या वर्गवारीची गुंतागुंत अशा एकाच उदाहरणात उघडी पडते.

दर्जाच्या शिडीचे खालचे टोक याहून कठोर होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींतली माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले. नाव नोंदवलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, असा तो जाच होता. सोलापूरला या जमातींसाठी तारेच्या कुंपणाआड मोठी वसाहत होती आणि तिथली माणसे गिरण्यांत राबत. कायद्यातली शिक्षेची तरतूद याहून भयंकर होती. नोंदलेल्या जमातीतल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा ठरल्यास जन्मठेप. त्याच गुन्ह्यात इतर समाजातल्या माणसाला काही महिन्यांची शिक्षा होऊ शकत असे. ‘सराईत’ हा तुरुंगातला वर्ग मग अशांनीच भरणार, यात नवल नाही. सराईतपणा इथे गुन्ह्यांतून मोजला गेला नाही, तो वंशावळीतून आला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. त्याच वर्षी आजच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगाव इथे लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म झाला. १९८७ साली त्यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कायदा गेल्यावरही पोलिसांचा संशय, झडत्या, मारझोड आणि गावाचा अविश्वास लातूरच्या परिसरात कसा चालू राहिला, हे त्यातून मराठी वाचकाला कळले. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. तो कागदावर जमातीचे नाव घेत नाही. पण ज्यांच्यावर आधीपासून नजर होती त्यांचीच नावे पुन्हा पुन्हा नोंदवहीत चढत राहतात, अशी विमुक्तांच्या संघटनांची तक्रार कायम राहिली.

वर्गवारीचा चांगला अर्थ शोधणारे प्रयोगही महाराष्ट्रात झाले, आणि त्यांतला सर्वांत जुना एका संस्थानात झाला. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेल्या माणसांना तिथे भिंतींवाचून, विश्वासावर शेती करायला दिली गेली. तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. मराठवाड्याला पैठणचे खुले कारागृह १९६८ मध्ये मिळाले. हर्सूलला दीर्घ शिक्षेची काही वर्षे नीट काढलेल्या सिद्धदोष बंद्याला तिथे शेतीवर पाठवले जाते. कोण पळून जाईल याबरोबरच कोणावर विसंबता येईल हेही वर्गीकरणाने ओळखावे, असे तुरुंगसुधारक सांगत आले. पैठणसारख्या ठिकाणी त्या म्हणण्याला मूर्त रूप मिळाले.

न्यायालयांनीही हळूहळू दर्जाची कसोटी नाकारली. १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वरच्या वर्गाचे’ आणि ‘सामान्य’ असा भेद करून फक्त सामान्यांना बेड्या घालणे घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी नेमलेल्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ च्या अहवालात सामाजिक दर्जावर आधारलेले वर्ग मोडावेत आणि वय, आरोग्य, मनोवस्था, गुन्ह्याचे स्वरूप व सुधारणेची शक्यता यांवर वर्गीकरण करावे असे सुचवले. आईबरोबर तुरुंगात असलेल्या मुलांना सहा वर्षांपर्यंत ठेवता येईल आणि त्यांना आरोपी किंवा कैद्यासारखे वागवता येणार नाही, हे २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात ठरले.

प्रत्यक्षात नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा कारागृहात ही सारी तत्त्वे किती उतरतात, हे इमारत आणि संख्या ठरवतात. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळा झाला आणि त्याचे स्वतःचे जिल्हा कारागृह पुढे उभे राहिले. जिल्हा कारागृहात बहुतांश न्यायाधीन बंदी असतात, म्हणजे ज्यांचा खटला चालू आहे असे. मोठी शिक्षा लागली की बंदी हर्सूल, येरवडा किंवा नाशिकला जातो. देशाचे आकडे पाहिले तरी हेच दिसते. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे दर चार बंद्यांमागे तीन. १८९४ च्या कायद्याने शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवायला सांगितलेलाच गट आज कारागृहांतला बहुसंख्य गट आहे.

मोजक्याच बराकींत माणसे जास्त झाली की वर्गवारी आकसते. महिला विभाग वेगळा राहतो, कारण तो नियम कुणी मोडू शकत नाही. १८ ते २१ वयाच्या तरुणांना वेगळे ठेवण्याची धडपड होते. एकमेकांशी वैर असलेल्या टोळ्या दूर ठेवाव्या लागतात, कारण तिथे जिवाचा प्रश्न असतो. बाकीच्यांत चोरीच्या संशयावरून आणलेला मजूर, किरकोळ मारामारीतला विद्यार्थी आणि चार खटल्यांत अडकलेला सराईत यांना एका छताखाली झोपवण्यावाचून अधिकाऱ्यांना दुसरी सोय उरत नाही. मुल्ला समितीने मागितलेल्या मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांची गरज सर्वांत जास्त अशा लहान कारागृहांतच असते, आणि तेच तिथे सर्वांत कमी दिसतात. जामीन मंजूर होऊनही जातमुचलक्याचे पैसे किंवा जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेला माणूस नियमानुसार न्यायाधीन या एकाच वर्गात मोजला जातो. त्याची खरी अडचण गरिबी असते, पण वर्गीकरणाच्या तक्त्यात गरिबीसाठी रकाना नाही.

जातीचा रकाना मात्र होता. पत्रकार सुकन्या शांता यांनी वेगवेगळ्या राज्यांच्या कारागृह नियमपुस्तिकांतली जातवार कामवाटणी उघड केली आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. स्वयंपाक वरच्या जातींना आणि सफाई ठरावीक जातींना देणारे नियम त्यांनी रद्द केले. तमिळनाडूत पाळयंकोट्टै इथल्या कारागृहात जातीनुसार विभाग असल्याचा उल्लेखही निकालात आहे. विमुक्त आणि भटक्या जमातींना सराईत समजण्याची नियमांतली भाषा घटनाविरोधी ठरली. कैदी आणि न्यायाधीन बंद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आणि राज्यांनी तीन महिन्यांत आपले नियम सुधारण्याचा आदेश झाला. १८५५ च्या लोट्याच्या दंग्यानंतर केलेली तडजोड अशी १६९ वर्षांनी मोडली.

३० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने या निकालानुसार २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली आणि २०२३ चा आदर्श कायदा यांत बदल केले. बंद्यांचे वर्गीकरण किंवा कामवाटप जातीच्या आधारे करता येणार नाही आणि हाताने मैला साफ करण्याचे काम कारागृहातही चालणार नाही, असे त्यांत नमूद झाले. सराईत गुन्हेगाराची व्याख्याही बदलली. सलग पाच वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या प्रसंगी केलेल्या गुन्ह्यांसाठी दोनपेक्षा अधिक वेळा दोषी ठरून ज्याला कारावासाची शिक्षा झाली, तोच सराईत. अपिलात किंवा फेरतपासणीत रद्द झालेली शिक्षा त्यात धरायची नाही, आणि कैदेत काढलेला काळही त्या पाच वर्षांत मोजायचा नाही.